झाकण लावायचं राहिलं

१

कार्बोरेटर उघडण्याआधी टेबलावर पांढरा कपडा अंथरायचा, हे मला दादाने सांगितलं. वर्तमानपत्र चालणार नाही म्हणाला.

"छापलेल्या अक्षरांत बारीक भाग हरवतात. आणि तू दुरुस्ती सोडून वाचत बसशील."

दादाचा पलंग आतल्या खोलीत होता. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून त्याला टेबलाचा एक कोपरा आणि माझं कोपर, एवढंच दिसायचं. बाकीचं तो ऐकायचा. चाळीस वर्षं त्याने झाडं तोडण्याचं काम केलं होतं. खोड कुठल्या बाजूला कलणार, हे तो आतल्या करकरण्यावरून ओळखायचा. ऐकायचं असलं की श्वास रोखून धरायची त्याची सवय तेव्हापासूनची. मी चौतीस वर्षं विद्यापीठात मोजमापातल्या चुकांचा सिद्धांत शिकवला. यंत्राला हात लावायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही, आणि आली तेव्हा मी शिपायाला हाक मारली.

करवत दादाची. साखळीची, पेट्रोलवर चालणारी, एकतीस वर्षांची. केशरी रंग मुठीपाशी पूर्ण उडालेला. सहा वर्षं ती मागच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेली होती आणि तिच्या पोटात राहिलेल्या पेट्रोलचा डिंक झाला होता.

"टाकी रिकामी न करता टांगली," दादा म्हणाला. "मीच. दुसऱ्या कुणी टांगली असती तर त्याला मी कामावरून हाकललं असतं."

टांगताना त्याला वाटलं होतं, दोन दिवसांनी परत लागेल. मग छातीचं दुखणं निघालं. आता फुप्फुसं पार कामातून गेली होती. डॉक्टर एक दिवसाआड यायचे, तपासायचे, आणि बाहेर आल्यावर माझ्याकडे असे बघायचे, की हा शिकलेला माणूस आहे, याला तोंडाने सांगायची गरज नाही. मला कळत होतं. आठ दिवसांसाठी म्हणून मी या घरी आलो होतो, त्याला तिसरा महिना लागला होता.

दादाला एकच हवं होतं. करवत एकदा चालू झालेली ऐकायची. "तिला मुकी ठेवून मी जाणार नाही," असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. वहिनीने मशीनला हात लावायला साफ नकार दिला. राहिलो मी.

"वरच्या झाकणाला चार स्क्रू आहेत. सोडव. एकेक करून बशीत ठेव."

"ठेवले."

आतल्या खोलीत क्षणभर काहीच ऐकू आलं नाही.

"खोटं बोलू नकोस, पंडित. तीनच वाजले."

चौथा माझ्या चिमटीत होता.

२

वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने मला बोलावलं आणि ओल्या चादरीचं एक टोक हातात दिलं. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती समोरच्याला आधी कामाला लावते.

"भावजी, ते मशीन लवकर चालू करू नका."

"म्हणजे?"

"काल त्यांनी सूप मागून घेतलं. आज सकाळी आरसा मागितला, दाढी करायची म्हणून. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. सगळं लक्ष तिथं लागलंय त्यांचं." तिने चादर झटकली. "तिला मुकी ठेवून जाणार नाही म्हणतात ना? मग राहू द्या की मुकी."

मी म्हटलं, "वहिनी, असं कारण आणि परिणाम एकमेकांना जोडता येत नाहीत. भूक लागायला औषधाचा बदललेला डोसही कारणीभूत—"

"तुमचं पुस्तक जरा मिटा. कराल की नाही एवढं सांगा."

ती या घरात आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. परीक्षेच्या दिवसांत ती माझ्या टेबलावर न बोलता ताट आणून ठेवायची. तिला नाही म्हणायचा सराव मला कधी झालाच नाही.

त्या दिवसापासून मी वेळ लावायला लागलो. पहिल्यांदा स्प्रिंग हरवली. आतल्या सुईवर बसणारी तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग, ती मी कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि ओरडलो, "दादा, उडाली!"

"कुठल्या बाजूला?"

"कळलं नाही."

"आवाज कुठे झाला?"

"आवाज... झालाच नाही."

"फरशीवर स्प्रिंग पडते आणि आवाज होत नाही. तुमच्या विद्यापीठात असं होत असेल."

तो हसला, मग खोकला, मग बराच वेळ खोकला. पण दुपारी त्याने लोहचुंबक कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं, संध्याकाळी टॉर्च कुठे आहे ते सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मला कपाटाखाली पालथं झोपवलं. वहिनी सूपाची वाटी घेऊन माझ्या पायांवरून पलीकडे गेली आणि खाली बघून हसली. त्या दोन दिवसांत आमच्या घरी कुणी आजारी आहे असं वाटलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी स्प्रिंग सापडली. सापडावी लागली.

३

झाकणाखाली रबराचा एक पातळ पडदा असतो. मोठ्या नाण्याएवढा, काळा, मधोमध पितळेची बारीक टिकली. इंजिनाने ओढ घेतली की तो आत जातो, सुई उघडते, पेट्रोलचा थेंब सुटतो. सगळं यंत्र त्या पडद्याच्या हलण्यावर चालतं, हे मला दादाने दोनदा समजावलं.

काढला तेव्हा तो पडदा वाळलेल्या पानासारखा होता. कड वाकवून पाहिली तर कुरकुरली. मी दुकानातून नवीन पडद्यांचं पाकीट आणलं होतं.

"जुना कसा आहे?" दादाने विचारलं.

"कडक झालाय. टाकून देतो."

"बशीत असू दे आजचा दिवस."

मी असू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशी उचलली तर पडदा एका बाजूला घसरला. अगदी अलगद. मी त्याला बोट लावलं. तो मऊ होता, पापणीसारखा मऊ, किंचित ओलसर आणि कोमट.

हवेतला दमटपणा, असं मी स्वतःला सांगितलं. किंवा सफाईचं औषध रात्री बशीत सांडलं असेल. औषधाच्या डब्याचं बूच घट्ट होतं. शेगडीची ऊब लागली असेल, तर शेगडी त्या दिवशी अजून पेटायची होती. रबर म्हणजे माझा विषय नव्हे. मला माहीत नसलेली दहा कारणं असू शकतात, आणि आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना हेच शिकवलं, की आपल्याला कारण माहीत नाही यावरून कारण नाही असं ठरत नाही.

मी अजून तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. बशीही वाजली नव्हती.

"बघितलंस?" आतल्या खोलीतून दादा म्हणाला. "जुनाच बसव."

४

त्याच दुपारी मी स्प्रिंग बसवली, तिच्यावर तरफ बसवली, पॅकिंग ठेवलं आणि त्यावर पडदा अंथरला. झाकण आणि चार स्क्रू तेवढे राहिले. आता कुठलं निमित्त काढावं याचा मी विचार करत होतो. त्याची गरज पडली नाही. "आज पुरे," दादा म्हणाला. "दमलो." जसं काही त्यानेच सगळं बसवलं होतं.

तीन वाजले होते. वहिनी बाजूच्या खोलीत पाठ टेकून पडली होती. दादाला झोप लागली होती आणि त्याचा श्वास ऐकू येत होता, शेवटाला बारीक शिटी असलेला. मी चष्मा पुसून टेबलाशी बसलो.

पितळेची टिकली वर आली आणि खाली गेली.

फार नाही. केसभर. पण खिडकीतून येणारा उजेड तिच्यावर पडला होता आणि तो उजेड एकदा सरकायचा, एकदा परत यायचा.

मी पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. माझाच श्वास लागत असेल म्हणून नाकातोंडाला रुमाल बांधला आणि खुर्ची हातभर मागे घेतली. टेबलाला माझ्या नाडीचे ठोके जात असतील म्हणून हात मांडीवर ठेवले. या अवस्थेत वहिनीने मला पाहिलं असतं तर डॉक्टरांना दुसरा पेशंट मिळाला असता.

टिकली हलतच राहिली.

मी घड्याळ समोर ठेवून मोजलं. मिनिटाला अठरा. मग डोळे मिटून आतल्या खोलीतला श्वास मोजला. अठरा.

दोन आकडे जुळणं ही फार मोठी गोष्ट नाही. म्हणून मी वाट पाहिली. दादाचा श्वास काही एकसारखा नव्हता. मधूनच तो अडायचा, लांब खंड पडायचा आणि मग घाईने लागोपाठ दोन यायचे. कधी अडेल ते सांगता येत नसे.

तो अडला. टिकली वर होती, तिथेच थांबली. मी सहापर्यंत मोजलं.

मग लागोपाठ दोन. आत, आणि टेबलावर.

५

पुढचं लिहिताना मला माझी लाज वाटते. पण लिहिलं नाही तर हे सगळं माझ्या हातून घडलेलंच नाही असं दिसेल.

माझ्या जागी वहिनी असती तर तिने कार्बोरेटरवर फडकं टाकलं असतं आणि जाऊन नवऱ्याच्या उशाशी बसली असती. दादा असता तर त्याने कान देऊन ऐकलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, मी काय केलं? एकदा दिसलेल्या गोष्टीला मी पुरावा मानत नाही. मी करंगळीचं नख त्या टिकलीवर टेकवलं आणि अगदी हलकेच दाबलं.

आतला श्वास थांबला.

मी नख उचललं. आतून हवा ओढल्याचा आवाज आला, एखादी ओली गोणी फरशीवरून ओढावी तसा.

दादा ऐकण्यासाठी श्वास रोखतो, हे मला माहीत होतं. मी काहीतरी करतोय हे कळून त्याने रोखला असेल. हे पहिल्या वेळेला लागू पडत होतं, दुसऱ्या वेळेलाही. म्हणून तिसरी वेळ करावी लागली. चौथ्या वेळी वहिनी आत धावली.

"अहो! अहो, इकडे बघा! भावजी, लवकर या, यांना काय होतंय बघा!"

"आलो," मी म्हणालो.

आणि पाचव्यांदा दाबलं.

तिला कळू नये म्हणून नव्हे. आकडे अजून पुरेसे नव्हते म्हणून. एकूण सात वेळा केलं मी. सातव्या वेळी वीस अंक मोजेपर्यंत दाबून धरलं, कारण इतका वेळ कुणी मुद्दाम श्वास रोखू शकणार नाही, निदान त्याच्या अवस्थेत नाही.

मग मी आत गेलो. वहिनीने त्याला दोन्ही हातांनी उठवून बसतं धरलं होतं. ओठ निळसर झाले होते. डोळे दाराकडे होते, जिथून माझं कोपर दिसायचं तिथे.

"छातीवर," तो म्हणाला, "कोण बसलं होतं?"

"कुणी नाही, दादा."

तो सगळा दिवस मी उजव्या हाताची मूठ मिटूनच होतो. जेवलो डाव्या हाताने. वहिनीने विचारलं, लागलं का काही? मी म्हटलं, स्क्रूड्रायव्हर लागला.

६

त्यानंतर टिकलीचा वाढलेला वेग उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वीस होता.

दहाच्या सुमारास दादाने मला आत बोलावलं. जवळ बसवून माझं मनगट धरलं. झाडं धरून धरून त्याची पकड अशी झाली होती की आजारपणातही हात सोडवून घेता येत नसे.

"मशीन चालू करू नकोस," तो म्हणाला. एकेका शब्दामागे थांबत होता. "नुसतं झाकण लाव."

"आवाज ऐकायचा होता ना तुला?"

"नको आता. झाकण लाव. चारी स्क्रू. घट्ट."

"लावतो. आज संध्याकाळपर्यंत—"

"आत्ता. असं उघडं ठेवून दमवू नकोस रे."

मी मान वर केली. पलंगाच्या पायथ्याशी वहिनी उभी होती. तिने फक्त मान हलवली, नाही, नाही, लहान मुलाला चुलीपासून दूर राहायला सांगावं तशी.

"पंडित. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय. लावतो."

मी टेबलाशी आलो आणि झाकण हातात घेतलं. चहाच्या चमच्याच्या वाटीएवढं, हलकं. स्क्रू बशीत होते. सगळं काम पाच मिनिटांचं.

झाकण लावलं तर काय होईल? पडद्यावर धूळ बसणार नाही, त्याला आधार मिळेल, श्वास सुधारेल. असा तर्क करता येत होता. झाकण लावलं की पडदा हलायचा थांबेल, असाही करता येत होता. दादाला यातलं काय हवं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं की ग्लानीत काहीबाही बोलत होता? वहिनीची मान कशाला नाही म्हणत होती? दोन्ही बाजूंनी मी तितकीच बळकट मांडणी करू शकत होतो. वर्गात अशा ठिकाणी मी खडू खाली ठेवायचो आणि म्हणायचो, इथे निर्णय राखून ठेवा, आणखी माहिती येऊ द्या. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची.

मी बसून राहिलो. बारा वाजले, दोन वाजले. आतून दोनदा विचारणा झाली.

"लावलंस?"

"लावतोय."

"वाजलं नाही काही."

तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. चार वाजून वीस मिनिटांनी वहिनीने माझं नाव घेऊन हाक मारली. इतक्या वर्षांत तिने ते कधी घेतलं नव्हतं.

डॉक्टर अर्ध्या तासात आले. त्यांनी छाती तपासली, डोळे तपासले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी पलंगाशी उभा होतो. तिथून दारातून बघितलं तर खरंच टेबलाचा एक कोपरा आणि रिकाम्या खुर्चीचा हात, एवढंच दिसत होतं.

डॉक्टर कागद लिहीत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात आलो. पाणी प्यायला म्हणून.

टिकली वर आली. खाली गेली.

७

सगळं उरकून आम्ही घरी परतलो. दोन दिवसांनी माणसंही आपापल्या घरी गेली. वहिनीने आतली खोली आवरली, पलंगावरची चादर बदलली, औषधं खोक्यात भरली. टेबल तेवढं आवरलं नाही. पांढऱ्या कपड्यावर कार्बोरेटर तसाच होता आणि त्यावर तिने काचेचं एक भांडं पालथं घातलं होतं.

"धूळ बसेल म्हणून," ती म्हणाली.

भांड्याला आतून वाफ धरलेली होती.

पेट्रोलच्या वाफेनेही काच धुरकटते. मी भांडं उचलून वास घेतला. पेट्रोलचा वास नव्हता. तो कार्बोरेटर मी स्वतः धुऊन कोरडा केला होता, त्याला दहा दिवस होऊन गेले होते. वास आजारी माणसाच्या खोलीचा होता. मी भांडं परत ठेवलं.

आता रोज सकाळी वहिनी ते उचलते, स्वच्छ फडक्याने आतून पुसते आणि पुन्हा तसंच पालथं घालते. पुसताना उगाच घाई करत नाही, चहाचे कप पुसावेत तशी पुसते. आम्ही टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर जेवतो. तिला टिकली दिसते की नुसती वाफ दिसते, हे मी विचारलेलं नाही. तिला काय विचारायचं ते ती विचारते.

"आज कसं आहे, भावजी?"

मग मी घड्याळ काढून मोजतो. परतल्यावर पहिल्या दिवशी चौदा होते, शांत, एकसारखे, आणि मला वाटलं की वहिनीचंच बरोबर होतं. त्यानंतर एकोणीस झाले. मग सव्वीस. सव्वीस असताना त्याने माझं मनगट धरलं होतं.

आज सकाळी अडतीस होते. मी तीनदा मोजले.

"चांगलं चाललंय ना?" वहिनीने विचारलं. फडकं तिच्या हातात होतं.

मी म्हणालो, "हो."

चार स्क्रू माझ्या शर्टाच्या खिशात आहेत. लावायचं ठरवून मी ते एकदा बशीतून उचलले, आणि मग बशीत परत ठेवायचं धाडस झालं नाही, म्हणून ते खिशातच राहतात. वाकलो की वाजतात. ते वाजले की काचेखालची टिकली थांबते. वर येऊन तिथेच थांबते, तो ऐकायला थांबायचा तशी. मी खिशावर हात दाबून धरतो आणि हलत नाही. थोडा वेळ जातो. मग काही होणार नाही हे तिकडे कळतं, आणि घाईने लागोपाठ दोन येतात.